मैत्रीण क्योटोला येतेय? एक अख्खा दिवस किमोनोसाठी ठेवा

जपानात घर थाटून थोडे महिने झाले की भारतातून कोणीतरी यायला निघतंच. भाकरवडीची पाकिटं किती आणू, हे विचारून झालं की मैत्रिणीचा पुढचा प्रश्न येतो, "किमोनो घालायचा ना गं आपण?" घालायचाच, आणि दोघींनी मिळून घालायचा. पण बहुतेक जणी हा कार्यक्रम दोन तासांच्या फटीत कोंबतात. सकाळी फुशिमी इनारी, मग किमोनो, लगेच आराशियामाचं बांबूचं वन आणि संध्याकाळी ओसाका. मग पाय सोलवटतात, ओबी, म्हणजे किमोनोवरचा रुंद कमरपट्टा, पोटात रुततो, फोटोत चेहरे दमलेले येतात आणि मैत्रीण घरी जाऊन सांगते की किमोनो म्हणजे नुसती शिक्षा. तो तसा मुळीच नाही. किमोनो अंगावर चढला की त्या दिवसाचा वेग तोच ठरवतो, एवढं मान्य करायचं आणि बाकी सगळं त्याच्याभोवती आखायचं.

हा लेख जपानात नव्याने राहायला आलेल्या आणि पहिल्यांदाच पाहुणी बोलावणाऱ्या मैत्रिणींसाठी आहे. उदाहरणं क्योटोची आहेत. टोकियोत निशिकासाईला किंवा आसपास राहत असाल तर आसाकुसा किंवा कावागोएला जवळजवळ हेच सगळं लागू पडेल.

आधी तारीख

आपल्याकडची माणसं येतात ती मुलांच्या मे महिन्याच्या सुट्टीत, नाहीतर दिवाळीत. दोन्ही काळ किमोनोसाठी चांगले आहेत, फक्त नेमके दिवस निवडावे लागतात. २९ एप्रिल ते ५ मे या गोल्डन वीकमध्ये अख्खा जपान फिरायला निघतो, तेव्हा क्योटो टाळा. त्यानंतरचा मे महिना फार सुंदर असतो. हवा कोरडी, झाडं कोवळी हिरवी आणि पावसाळा अजून लांब. दिवाळीच्या सुमारास ऑक्टोबरचा शेवट किंवा नोव्हेंबरचा पूर्वार्ध गाठा. नोव्हेंबरच्या उत्तरार्धात मेपलची पानं लाल होतात, आणि मग हिगाशियामाच्या गल्ल्यांमधून खांद्याला खांदा लावूनच चालावं लागतं.

किमोनोचं स्वतःचंही ऋतुमान असतं. ऑक्टोबर ते मे अस्तराचा, जून आणि सप्टेंबरमध्ये बिनअस्तराचा, जुलै-ऑगस्टमध्ये जाळीदार, पातळ विणीचा. हल्ली उन्हाळा लवकर सुरू होतो, त्यामुळे मे महिन्यात बिनअस्तराचा नेसणाऱ्याही खूप दिसतात. मैत्रीण ऐन जुलै-ऑगस्टमध्ये येणार असेल, तर पूर्ण किमोनोचा हट्ट सोडा. पारा ३५ अंशांच्या वर जातो आणि क्योटोच्या खोलगट भागात वारा म्हणून नसतो. त्या दिवसांत युकाता, म्हणजे हलका सुती उन्हाळी किमोनो, नेसायचा. १४ ते १६ जुलैच्या संध्याकाळी गिओन मात्सुरी या उत्सवाचे रथ कंदील लावून रस्त्यात उभे असतात आणि निम्मं शहर युकात्यातच बाहेर पडतं.

घरच्या मुक्कामाचं थोडक्यात

मैत्रीण तुमच्या घरी उतरणार असेल आणि खर्च तुम्ही उचलणार असाल, तर व्हिसासाठी निमंत्रणपत्र, मुक्कामाचं वेळापत्रक आणि हमीपत्र असे तुमच्याकडचे कागद लागतात. तिचं तिकीट निघण्याआधीच याची तयारी करा. भाडेकरारात पाहुण्यांच्या मुक्कामाबद्दल काय लिहिलंय तेही एकदा वाचून घ्या. जादा गादी विकत घ्यायची गरज नाही, फुतोन भाड्याने घरपोच मिळतो.

कान्साई विमानतळावरून ‘हारुका’ गाडी साधारण ८० मिनिटांत क्योटो स्टेशनला आणून सोडते. पहिल्या संध्याकाळी तिला दोनच गोष्टी नीट समजावून सांगा. अंग बाहेर धुऊन मगच टबात उतरायचं आणि टबातलं पाणी सोडायचं नाही, ही पहिली. दुसरी कचऱ्याची. क्योटोत जाळायचा कचरा पिवळ्या पिशवीत जातो आणि बाटल्या-डबे पारदर्शक पिशवीत. बाकीचं सगळं बघून बघून कळतं.

आल्याच्या दुसऱ्याच दिवशी किमोनो ठेवू नका. विमानात बसून पाय सुजलेले असतात, ताबी, म्हणजे अंगठा वेगळा असलेले मोजे, चढत नाहीत. तिसरा किंवा चौथा दिवस उत्तम.

दुकानात नोंदणी करताना

क्योटोत भाड्याने किमोनो देणारी दुकानं गिओन, कियोमिझुच्या उतारावर, शिजो-कारासुमाला आणि क्योटो स्टेशनजवळ दाटीने आहेत. साधा किमोनो, ओबी, आतले कपडे, ताबी, चपला आणि पिशवी असं सगळं मिळून माणशी साधारण ३,००० ते ६,००० येन पडतात. केसांची रचना बहुतेक ठिकाणी वेगळी मोजावी लागते. समारंभाचा भारी रेशमी होमोंगी किंवा लांब बाह्यांचा फुरिसोदे हवा असेल तर खर्च बराच वाढतो. फुरिसोदे हा अविवाहित मुलींचा सणासुदीचा पोशाख आहे. जानेवारीच्या दुसऱ्या सोमवारी वीस वर्षांच्या मुली तो नेसून समारंभाला जातात. फिरण्यासाठी बारीक नक्षीचा ‘कोमोन’ घ्या, तो चालायलाही हलका पडतो.

भाड्याचे किमोनो बहुतेक पॉलिएस्टरचे असतात. त्यात कमीपणा काही नाही. ते धुता येतात, म्हणूनच दुकानदार निर्धास्तपणे देतात आणि आपणही निर्धास्त फिरतो.

नोंदणी करताना उंची, नितंबाचा घेर आणि पावलाची लांबी सेंटिमीटरमध्ये कळवा. बायकांचा किमोनो कमरेवर दुमडून उंचीला जुळवता येतो, पण घेर कमी पडला तर पुढचा पदर नीट झाकत नाही आणि चालताना पाय दिसतात. हे आधी सांगितलं की दुकानातल्या बाई बरोबर रुंद किमोनो काढून ठेवतात. मैत्रिणीला मापं सांगायला संकोच वाटत असेल तर तिच्याकडून निरोपातून मागवा आणि तुम्हीच भरा. परतीची वेळही पाहून ठेवा. पुष्कळ दुकानं संध्याकाळी साडेपाच-सहापर्यंत कपडे परत मागतात, थोडे पैसे जास्त दिले तर दुसऱ्या दिवशी परत करायची सोय असते. डागांसाठी काहीशे येनचं संरक्षण मिळत असेल तर घ्या. सोया सॉसचा एक थेंब पुरतो.

सोबत नवरे असतील तर त्यांचं काम दहा-पंधरा मिनिटांत उरकतं. पुरुषांच्या किमोनोला कमरेवरची दुमड नसते, त्यामुळे उंची आधी कळवावीच लागते. ओबी पोटावर नाही, पोटाखाली कमरेच्या हाडावर बसतो. पोट थोडं सुटलेलं असेल तर किमोनो उलट जास्त शोभून दिसतो.

आदल्या संध्याकाळी घरीच युकाता

माझ्या मते या सगळ्या कार्यक्रमाचा जीव इथे आहे. दुकानात नेसवणाऱ्या बाई वीस मिनिटांत दोरी-पट्टे आवळून मोकळ्या होतात, मैत्रीण हात पसरून उभी राहते आणि काय झालं ते तिला कळतच नाही. आदल्या संध्याकाळी घरात, चहा झाल्यावर, दोघींनी एकमेकींना युकाता नेसवला, तर दुसऱ्या दिवशी प्रत्येक घडीचं कारण तिला माहीत असतं. युकाता, ओबी आणि गेता (लाकडी चपला) असा संच उन्हाळ्याच्या सुरुवातीला मोठ्या दुकानांत पाच-सहा हजार येनपासून मिळतो. शेजारणीकडे जुना मिळाला तर त्याहून छान. शिवाय दोन सुती दोऱ्या (कोशिहिमो), एक रुंद पट्टा (दातेजिमे) आणि ओबीच्या पुढच्या भागात सरकवायची पातळ पट्टी (ओबी-इता) हवी.

आत पातळ सुती बंडी आणि लेगिंग चालते. आपल्याकडे कमरेचा बाक खुलवणारे कपडे आवडतात. इथे अंग सरळ, दंडगोल दिसायला हवं. म्हणून कमरेच्या खळगीत एखादा नॅपकिन गुंडाळून वर सैलसर बांधा. याने ओबीला सुरकुत्या पडत नाहीत आणि दोरी रुततही नाही.

आता युकाता खांद्यावर टाका. पाठीची शिवण बरोबर कण्यावर यायला हवी. गळपट्टीची दोन्ही टोकं समोर एकत्र धरून बघा, लांबी सारखी हवी. मग दोन्ही बाजू धरून सगळा कपडा वर उचला आणि खालची कड घोट्याच्या हाडाशी आणा. किमोनो असेल तर थोडी आणखी खाली, पावलाला टेकेल इतकी.

आधी डावी बाजू उजव्या कमरेपर्यंत आणून फक्त मोजा. तिची कड उजव्या कमरेच्या कडेला आली पाहिजे. ती जागा लक्षात ठेवून डावी बाजू पुन्हा उघडा. आता उजवी बाजू आत न्या आणि तिचं खालचं टोक चार बोटं वर उचला. त्यावर डावी बाजू आणा, तिचं टोक दोन बोटं वर. यामुळे खाली कपडा किंचित निमुळता होतो आणि चालताना पायात येत नाही. पोटाच्या थोडं खाली, कमरेच्या हाडाच्या वर, पहिली दोरी घट्ट बांधा. सगळ्या कपड्याचं वजन या एका दोरीवर असतं, इथे हात सैल सोडू नका. याच्या वरच्या दोऱ्या फक्त धरून ठेवायचं काम करतात.

डावी बाजू वर, हे न चुकता पाळायचं. उजवी बाजू वर ठेवून किमोनो नेसवतात तो फक्त मृतदेहाला. क्योटोच्या रस्त्यात कोणी तसं नेसलेलं दिसलं तर अनोळखी आजीसुद्धा थांबवून सांगतात, ती कळकळ असते. आणखी एक गोष्ट. मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्यात चित्र आरशासारखं उलटं येतं, त्यामुळे बरोबर नेसलेला किमोनोही सेल्फीत उलटा दिसतो. फोटो ग्रुपवर टाकण्याआधी ती सेटिंग बंद करा.

काखेखाली बाहीला लागून एक उघडी फट असते. त्यातून दोन्ही हात आत घालून दोरीवर साठलेला जादा कपडा पुढून-मागून खाली ओढून सपाट करा. ही कमरेवरची आडवी दुमड म्हणजे ओहाशोरी. ती ओबीखाली पाच-सात सेंटिमीटर सरळ रेषेत दिसायला हवी. मग गळा. समोर गळपट्ट्या कंठाच्या खळगीखाली एकमेकींवर याव्यात आणि मागे मानेपासून मूठभर जागा सुटावी. मैत्रिणीच्या पाठीमागे उभ्या राहून तुमची मूठ तिथे ठेवून बघा आणि मग मधली शिवण धरून हलकेच खाली खेचा. आपल्याकडच्या मुलींना मानेमागचा हा उघडेपणा सुरुवातीला नवा वाटतो. केस वर बांधल्यावर किमोनोचं सगळं सौंदर्य तिथेच दिसतं. छातीखाली दुसरी दोरी आणि त्यावर दातेजिमे.

युकात्याचा ओबी अर्ध्या रुंदीचा, साधारण १५ ते १७ सेंटिमीटर रुंद आणि पावणेचार मीटरच्या आसपास लांब असतो. एका टोकाचा हातभर भाग उभा दुमडून खांद्यावर टाका आणि उरलेला ओबी अंगाभोवती दोन वेढे फिरवा. प्रत्येक वेढ्याला मैत्रिणीलाच स्वतःभोवती गोल फिरायला सांगा, तुम्ही जागेवर उभ्या राहून ताण धरा. दोन्ही टोकांची एक घट्ट गाठ मारा. लांब टोकाच्या खांद्याएवढ्या रुंद घड्या घालून मधोमध चिमूट काढा, खांद्यावरचं टोक त्या चिमटीवरून घेऊन गुंडाळा आणि उरलेलं ओबीत खोचा. पंख पसरलेल्या फुलपाखरासारखी ही गाठ म्हणजे बुन्को. ती समोर बांधून नंतर पोट आत घेऊन उजवीकडून पाठीमागे फिरवायची. डावीकडून फिरवलीत तर गळा सुटतो. शेवटी ओबी-इता पुढच्या वेढ्यांमध्ये सरकवा.

पहिल्यांदा तासभर लागेल. गाठ वाकडी येईल, सोडा आणि परत बांधा. नऊवारी नेसायला शिकताना जसं आजीच्या हाताखाली दोन-तीनदा सुटतं, तसंच हे आहे. पिन एकही नाही, सगळी जबाबदारी घडी आणि गाठीवर. मैत्रिणीच्या बॅगेत नऊवारी असेल तर त्याच संध्याकाळी शेजारच्या जपानी काकूंना बोलावून त्यांना नेसवा. कासोटा घालून त्या दोन पावलं चालल्या की पुढचा तासभर हसण्या-बोलण्यात जातो, आणि पुढच्या वेळी युकाता नेसवायला मदतीचा हात मिळतो.

किमोनोच्या दिवशी सकाळी

घरून पुढून उघडणारा शर्ट घालून निघा. केस आधी बांधतात, मग डोक्यावरून कपडा काढता येत नाही. थंडीत आत गरम बनियन हवं असेल तर पुढून आणि मागूनही मोठ्या गळ्याचं घ्या. तारेची ब्रा नको, साधी सपाट बसणारी बरी.

नाश्ता निघण्याच्या दीड-दोन तास आधी, हलका. पोहे ठीक, मिसळ नको. पाणीही बेताचं प्या, पण अजिबात न पिता जाऊ नका.

दागिन्यांबद्दल मैत्रिणीला घरीच सांगा. किमोनोवर गळ्यात-हातात काही घालत नाहीत, शोभा केसांत आणि ओबीवरच्या दोरीत असते. बांगड्या आणि खडे असलेल्या अंगठ्या रेशमी धाग्यात अडकतात. मंगळसूत्र काढायचं नसेल तर काढू नये. आतल्या कपड्याखाली सरकवलं की दिसत नाही, फक्त वाटी ओबीखाली दबणार नाही इतकी वर घ्या. छोटी चमकी, कुड्या, टिकली यांना काहीच हरकत नाही.

दुकानात शंभर किमोनो समोर असले की डोकं चालेनासं होतं. आधी ओबीचा रंग ठरवा, मग किमोनो. दोघींनी एकाच रंगाचे घेण्यापेक्षा एकीच्या ओबीचा रंग दुसरीच्या किमोनोत कुठेतरी असू द्या. आपल्या सावळ्या-गव्हाळ रंगावर गडद निळा, शेवाळी, मोहरीसारखा पिवळा फार खुलतो. दुकानदार हसतमुखाने फिकट गुलाबी पुढे करतात, तो एकदा अंगावर धरून बघा आणि मग स्वतः ठरवा.

नेसवणाऱ्या बाई विचारतील, "कित्सुकु नाइ देसु का?" घट्ट होत नाहीये ना, असं विचारत असतात. संकोचाने मान डोलावू नका. दीर्घ श्वास घ्या, बरगड्यांना अडत असेल तर लगेच "कुरुशिइ देसु" म्हणा. दोरी कमरेला घट्ट हवी, छातीला नाही. उभ्या उभ्या एकदा खाली बसून उठून बघा आणि मगच बाहेर पडा. झोरीतून, म्हणजे किमोनोवरच्या चपलेतून, टाच एक-दोन सेंटिमीटर मागे बाहेर राहते, ते बरोबर आहे. मोठी मागू नका. अंगठ्याच्या बेचक्यात पट्टा पूर्ण रुतवू नका, थोडी जागा सोडा. चालणं सोपं जातं आणि फोड येत नाहीत. चिकटपट्ट्या मात्र पिशवीत हव्यातच, आणि एक-दोन कपड्यांचे चिमटेही. का ते पुढे सांगते.

कुठे जायचं

कियोमिझुदेरा, सान्नेनझाका, निनेनझाका हा सगळ्यांचा मार्ग. जागा अप्रतिम आहेत, पण चढ आणि दगडी पायऱ्या भरपूर. सान्नेनझाकावर पडलं तर तीन वर्षांत मरण येतं अशी जुनी समजूत आहे, आणि झोरीत त्या पायऱ्या खरोखर जपून उतराव्या लागतात. कियोमिझुदेरा सकाळी ६ वाजता उघडतं. माझा आग्रह असा की ते दुसऱ्या दिवशी पहाटे बूट घालून बघा, किमोनोचा दिवस सपाट जागी घालवा.

सपाट आणि सुंदर असा एक मार्ग देते. गिओनच्या उत्तरेला शिराकावा नावाचा छोटा ओढा वाहतो, काठाला विलोची झाडं आणि तात्सुमी पूल. सकाळी साडेनऊ-दहाच्या आत तिथे पोहोचा. मग ओढ्याच्या काठाने सावकाश ओकाझाकीकडे. वाटेत हेइआन देवस्थानाचं प्रचंड मोठं लाल तोरी, म्हणजे प्रवेशाची कमान, लागतं. हे देवस्थान क्योटोच्या स्थापनेला ११०० वर्षं झाली म्हणून १८९५ मध्ये बांधलं. जवळच मियाको मेस्से या इमारतीच्या तळघरात क्योटोच्या हस्तकलांचं संग्रहालय आहे. दुपारच्या विसाव्याला यापेक्षा चांगली जागा नाही. बसायला मिळतं, गारवा असतो, स्वच्छतागृह प्रशस्त आहे आणि अंगावर जे नेसलंय त्याची गोष्ट समोर मांडलेली असते.

तिथे निशिजिनचं विणकाम नीट बघा. १४६७ ते १४७७ या काळात ओनिन युद्धाने क्योटो बेचिराख झालं. विणकर पांगले, आणि परतल्यावर पश्चिमेकडच्या सैन्याची छावणी जिथे होती तिथे त्यांनी माग मांडले. ओबीसाठी तिथे ‘त्सुझुरे’ नावाची वीण आहे. नक्षीचा प्रत्येक रंग वेगळ्या धोटीने तेवढ्याच जागेपुरता भरायचा आणि बाणा नखांनी ठोकून बसवायचा. त्यासाठी विणकर आपल्या नखांना करवतीसारखे दाते पाडून घेतात. पैठणीच्या पदरावरचे मोर आणि मुनिया याच तत्त्वाने भरतात. पैठणी जवळून पाहिलेली मैत्रीण त्या ओबीसमोर आपोआप थांबते, आणि तुम्हाला काही समजावून सांगावं लागत नाही. शेजारी युझेन रंगकाम असतं. तांदळाच्या लगद्याची बारीक रेघ ओढून आत रंग भरायचे, म्हणजे एका रंगात दुसरा पसरत नाही. सतराव्या शतकाच्या अखेरीस मियाझाकी युझेन नावाच्या पंखे रंगवणाऱ्या चित्रकारामुळे ही पद्धत नावारूपाला आली.

नंतर पाय चालत असतील तर नानझेनजीच्या आवारात १८८८ मधला विटांचा जलसेतू आहे, कमानींखाली प्रकाश छान पडतो. सम्राटाच्या जुन्या राजवाड्याभोवतीचं उद्यान टाळा. तिथली जाड खडी झोरीत असह्य होते. फुशिमी इनारीला गेलातच तर सुरुवातीच्या तोऱ्यांच्या रांगेपर्यंतच जा, डोंगर चढू नका.

एखादा दिवस जास्तीचा असेल आणि मैत्रीण पुण्याची असेल तर ओकायामा-कुराशिकीचा विचार करा. सिंहगड रस्त्यावरची पुणे-ओकायामा मैत्री बाग तिने पाहिलेली असतेच. ती ज्या कोराकुएन उद्यानावरून केली ते ओकायामात आहे, शिनकानसेन या वेगवान गाडीने क्योटोपासून साधारण तासाभरावर. कुराशिकीच्या कालव्याकाठी किमोनो नेसून फिरायला क्योटोपेक्षा पुष्कळ निवांतपणा मिळतो.

गिओनमध्ये दोन गोष्टी कटाक्षाने पाळा. हानामिकोजीच्या बाजूच्या खासगी गल्ल्यांत शिरू नका, २०२४ पासून तिथे १०,००० येन दंडाच्या पाट्या आहेत. आणि मैको, म्हणजे शिकाऊ गेइशा, दिसली तर तिच्या मागे धावू नका, वाट अडवू नका. ती कामावर निघालेली असते. पांढरा रंग आणि केशरचना करून मैकोसारखं नटवणारे स्टुडिओही आहेत. हौस असेल तर करा, पण तो वेगळ्या दिवसाचा, स्टुडिओच्या आतला कार्यक्रम आहे.

चालणं, बसणं आणि इतर अडचणी

पावलं लहान, गुडघे जवळ, बोटं किंचित आत. पायऱ्या चढताना उजव्या हाताने पुढची कड थोडी उचला. वर काही घ्यायला हात लांबवलात तर दुसऱ्या हाताने बाही धरा, नाहीतर कोपरापर्यंत हात उघडा पडतो. खुर्चीत पुढच्या अर्ध्या भागात बसा आणि पाठ टेकू नका, गाठ चेपते. बाह्या मांडीवर घ्या. टॅक्सीत आधी पाठ करून बसायचं, मग दोन्ही पाय एकत्र आत.

स्वच्छतागृहाची सगळ्यांना धास्ती असते, आणि कोणी बोलत नाही. आधी दोन्ही बाह्या पुढे घेऊन ओबीला चिमट्याने अडकवा. मग सगळ्यात वरचा थर दोन्ही बाजूंना उघडून वर घ्या, त्यानंतर आतला, मग सर्वांत आतला. तिन्ही थर एकत्र वर धरून बसा. झाल्यावर उलट क्रमाने, आतला आधी खाली, प्रत्येक थर सारखा करत. बाहेर येण्याआधी आरशात पाठ बघा. जपानी पद्धतीचं खाली बसायचं स्वच्छतागृह असेल तर रांगेत थांबून पाश्चात्त्य पद्धतीचंच घ्या.

जेवण थोडं थोडं, दोनदा. मैत्रीण शाकाहारी असेल तर रस्सा, सॉस, नूडल्स सगळ्यात दाशी, म्हणजे माशाचा अर्क, असू शकतो हे लक्षात ठेवा. नानझेनजीजवळ युदोफू, म्हणजे गरम पाण्यातला टोफू, मिळतो. सोबतच्या सॉसबद्दल तेवढं विचारून घ्या. सकाळी घरून उमेबोशीच्या (खारवलेल्या आंबट फळाच्या) ओनिगिरी, म्हणजे भाताचे गोळे, करून नेल्या तर चिंताच नाही. माच्चा आणि लाल चवळीच्या सारणाची मिठाई बहुतेक ठिकाणी निर्धास्त खाता येते. खाताना मोठा रुमाल गळपट्टीत खोचा.

दुपारनंतर गळा सैल पडतोच. घाबरून दुकानाकडे धावू नका. डावी गळपट्टी सुटली तर ओबीखालची तिची कड हलकेच खाली ओढा. आतली उजवी सुटली तर डाव्या काखेखालच्या फटीतून हात घालून तिला ताण द्या. मानेमागची पोकळी भरली तर पाठीमागे गाठीखालचा कपडा मैत्रिणीने खाली खेचायचा. ही कामं एकटीला जमत नाहीत, म्हणून दोघी असलेल्या बऱ्या. आदल्या संध्याकाळी युकाता नेसवलेला असला की तिचे हात बरोबर तिथेच जातात.

नंतर

कपडे परत देऊन बाहेर पडलं की पोटऱ्या दुखतात आणि सपाटून भूक लागते. त्या रात्री घरी आमटी-भात करा, बाहेर जाऊ नका. युकाता सुती असतो, घडी घालून जाळीच्या पिशवीत हलक्या धुलाईला टाकता येतो. पिळून न काढता बाहीतून काठी घालून वाळत घाला.

मैत्रिणीला स्वतःचा किमोनो घेऊन जायचा असेल तर दर महिन्याच्या २१ तारखेला तोजी मंदिरात आणि २५ तारखेला कितानो तेनमांगूत जुना बाजार भरतो. तिथे वापरलेले रेशमी किमोनो ढिगात मिळतात. सकाळी लवकर जा, कपडा उजेडात उलगडून काखेखाली आणि गळपट्टीवर डाग बघा, बाहीची लांबी तिच्या हाताला लावून बघा. अंगावर वापरणं जमणार नसेल तर लांब जाकिटासारखा हाओरी घ्यावा, तो साडीवरही चांगला दिसतो. जुन्या रेशमी ओबी वजनाला जड असतात, बॅग आधी तोलून मगच दुसरी घ्या.

महाराष्ट्रात पावसाळ्यात हे रेशीम जपावं लागतं. प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद न करता सुती कापडात गुंडाळून ठेवायचं, आणि पाऊस संपल्यावर ऑक्टोबरच्या कोरड्या हवेत एक दिवस सावलीत वारा द्यायचा. कपाटात कापूर ठेवणार असाल तर नॅफ्थलीनच्या गोळ्या त्याच कप्प्यात नकोत. दोन्ही एकत्र आले की पाझरतात आणि रेशमावर डाग पडतो.